चौदा टोकनांची रांग

निवडणुकीची ड्युटी चुकवायचे जेवढे उपाय आम्हा शिक्षकमंडळींना ठाऊक आहेत, तेवढे कुणालाच नसतील. कुणाचा मणका सरकतो, कुणाच्या सासऱ्यांची तब्येत नेमकी त्याच आठवड्यात खालावते. कोरोनाच्या वर्षी तर एवढंही करावं लागत नव्हतं, नुसतं खोकलं की काम व्हायचं. त्या जानेवारीत ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या आणि प्रशिक्षणाच्या दिवशी पेठच्या सभागृहात असा काही खोकला सुरू झाला की साहेबांचं बोलणं ऐकू येईना. पण साहेब मुरलेले होते. ते म्हणाले, "ज्यांना ज्यांना खोकला आहे त्यांनी बाहेरच्या मंडपात जाऊन नाकात काडी घालून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत तिथंच राहायची सोय केलेली आहे." त्यानंतर तीन तास कुणी साधा घसाही खाकरला नाही.

मी मुळातच खोकले नव्हते. खरं सांगायचं तर मला ही ड्युटी आवडते. मी नाशकात पेठ रोडला राहते, शाळा पेठ तालुक्यात, आणि गेली अनेक वर्षं रोजचं जाणं-येणं करते. वर्गात मी काही सांगितलं की मुलं "का?" म्हणून विचारतात. मतदान केंद्रावर असं कुणी विचारत नाही. हातात नियमांची पुस्तिका आली की माझी मान आपोआप ताठ होते. नवरा म्हणतो, तुला कुणी नियम दिले नाहीत तर तू घरी बसून स्वतः तयार करशील. स्वयंपाकघरात डब्यांच्या जागा मी ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळे मला फार वाद घालता येत नाही.

आमचं केंद्र होतं डोंगरातल्या एका गावात, दोन खोल्यांच्या शाळेत. केंद्राध्यक्ष म्हणून एका कार्यालयातले क्लार्क होते, निवृत्तीला आलेले, भांडणाला भिणारे. मी खरं तर शाई लावणार होते. पण दारात मतदारांचा ताप मोजायला जी आशाताई येणार होती ती स्वतःच तापाने घरी झोपली. तेव्हा केंद्राध्यक्षांनी शाईची बाटली दुसऱ्याच्या हवाली केली आणि ताप मोजायची ती पांढरी बंदूक माझ्या हातात ठेवली. सोबत टोकनांची एक वही दिली. ज्याच्या कपाळाला ताप निघेल त्याचा पुन्हा एकदा ताप घ्यायचा, तरीही निघाला तर त्याला नंबर घालून टोकन द्यायचं आणि सांगायचं, शेवटच्या अर्ध्या तासात, पाच वाजता या. प्रत्येक टोकनावर केंद्राध्यक्षांची सही लागते. त्यांनी सकाळी चहा पिता पिता सगळ्या वहीवर सह्या करून टाकल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा उठायला नको.

आमच्याकडे खरी लढत होती एका जागेची, बायकांसाठी राखीव असलेल्या. एकीची निशाणी कढई, दुसरीची छत्री. कढईवाल्या उमेदवार बाईंना मी दिवसभरात एकदाच पाहिलं, मत द्यायला आल्या तेव्हा. बाकी सगळं त्यांचे यजमान बघत होते. ते मतदान प्रतिनिधी म्हणून आत खुर्ची टाकून बसले होते आणि दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन हवा खात होते. वर्षभर त्यांचा मास्क हनुवटीखाली असायचा म्हणे, पण त्या दिवशी स्वच्छतेचा त्यांना इतका पुळका आला होता की ते माझ्या टेबलावरचं सॅनिटायझर स्वतः लोकांच्या हातावर ओतत होते. आपल्या लोकांना दोन थेंब, समोरच्यांना ओंजळभर.

छत्रीवाली द्राक्षमळ्यात मजुरीला जाणारी. दिंडोरीकडच्या बागांत तिची चौदा जणांची टोळी होती आणि टोळीचं सगळं तीच बघायची. सकाळी ती व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मी विचारलं, "मत दिलं का?"

"नाय बाई. माझी माणसं दुपारी जीपनं येतील, त्यांच्यासंगंच देईन."

मग तिने आपण होऊन सांगितलं. लॉकडाऊन लागला तेव्हा ती सगळी टोळी घेऊन बागेतून चालत गावाला आली होती. तर गावच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकलेले आणि पलीकडे यजमान उभे. पंधरा दिवस टोळीला याच शाळेत ठेवलं. जेवण यायचं, पण ठेवणारा लांबून ठेवून पळायचा.

"काटे टाकले त्याचं काय नाय," ती म्हणाली. "रोग तर सगळ्यांनाच होता. पण ठरवताना आमच्यातलं कुणीच नव्हतं ना आत. मी निवडून आले तर असंन."

एवढ्यासाठी ती उभी राहिली होती. मला ती आवडली. पण मी ड्युटीवर होते, म्हणून तिला केंद्रापासून शंभर मीटर लांब उभं राहायला सांगितलं.

सकाळी गर्दी चांगली झाली. माझं टेबल व्हरांड्याच्या कडेला होतं आणि अकराच्या सुमाराला ऊन सरकत सरकत माझ्या पायांवर आलं. शाळेच्या शिपाईमामांना दया आली. त्यांनी घरून मोठी काळी छत्री आणली आणि टेबलाच्या पायाला सुतळीने बांधून दिली. झकास सावली पडली. पाच मिनिटं मी त्या सावलीत बसले असेन, तोच यजमान बाहेर आले.

"मॅडम, हा तर प्रचार झाला."

"कसला?"

"ही कशाची निशाणी आहे?"

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर हसली असती. मी पुस्तिका काढली. उमेदवाराचं चिन्ह केंद्राच्या आवारात दिसता कामा नये. मी शिपाईमामांना म्हटलं, छत्री काढा. ते म्हणाले, "अहो, माझ्या बापाची छत्री हाय ती, ती कशाला उभी राहील निवडणुकीला?" मी म्हटलं, नियम तो नियम. मामांनी छत्री मिटली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला आमच्या तिसरीच्या वर्गाची आठवण झाली. मग मी डोक्यावर पदर घेतला आणि उन्हात बसले. बंदूक माझ्यासमोर टेबलावर होती. बारानंतर मतदार यायचे थांबले, सगळे जेवायला गेले, आणि दीड तास ती बंदूक तिथेच तापत पडली होती. हे मला तेव्हा सुचलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

दीडच्या सुमाराला जीप आली. चौदा जण आणि त्यांच्यावर आणखी धूळ. छत्रीवाली धावत खाली गेली आणि सगळ्यांना रांगेत उभं करून स्वतः परत शंभर मीटरवर गेली, कारण मी डोळे वटारले होते. पहिल्याच्या कपाळाला बंदूक लावली तर एकशे दोन. पुन्हा लावली, एकशे दोन. दुसऱ्याला एकशे एक. तिसरी एक म्हातारी होती, तिला एकशे तीन. वर्षभर टीव्हीवर जे बघत होते ते सगळं एका जीपमध्ये बसून माझ्या टेबलासमोर आलं आहे, असं मला वाटलं. चौदाच्या चौदांना ताप निघाला. मी एक ते चौदा नंबर घालून टोकनं फाडली.

"मी म्हटलं नव्हतं?" यजमान मागून म्हणाले. "गाडी भरून कोरोना आणलाय हिनं."

तेवढं पुरलं. खालून छत्रीवाल्यांचे लोक आले, वरून कढईवाल्यांचे. एक जण दुसऱ्याला म्हणाला मास्क वर कर, दुसरा म्हणाला आधी हात खाली कर. ढकलाढकली सुरू झाली. बंदोबस्ताला आमच्याकडे एकच पोलीस हवालदार, त्यांनी मध्ये काठी आडवी धरली आणि दोन्हीकडच्यांना सहा फुटांचं अंतर पाळायला सांगितलं. अंतर पाळून मारामारी करता येत नाही, त्यामुळे ती शिव्यांवर थांबली.

ज्यांना टोकनं मिळाली ते मात्र रांग सोडून हलले नव्हते. तापाची म्हातारी मला म्हणाली, "बाई, मला तं काय व्हत नाय."

"आजी, पाच वाजता या. तुमचं मत कुठं जात नाही."

पण जीप जात होती. काढणी सुरू होती आणि बागायतदाराने ड्रायव्हरला चारच्या आत माघारी यायला बजावलं होतं. छत्रीवालीने ड्रायव्हरची खूप मनधरणी केली. तो साडेतीनपर्यंत थांबला, मग हॉर्न वाजवायला लागला. बाग सोडून राहिलं तर उद्या काम नाही, हे त्या चौदा जणांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते टोकनं खिशात, कनवटीला ठेवून गाडीत चढले आणि गेले. मी पाहत होते. वाईट वाटलं, पण मी नियमाने वागले होते म्हणून फार वाटलं नाही.

भांडणानंतर दुसरा कुणी मतदार फिरकला नव्हता. चारला केंद्राध्यक्ष चहाचा कप घेऊन बाहेर आले. "मॅडम, एवढे पेशंट येऊन गेले, माझाही बघा जरा," असं म्हणून त्यांनी कपाळ पुढे केलं. एकशे दोन. ते पायरीवर बसले आणि बायकोला फोन लावायला लागले, पण गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. मी शाईवाल्या सरांना बोलावलं, त्यांनाही एकशे दोन. यजमान काय चाललंय बघायला आले, तर मी काही न बोलता त्यांच्या कपाळावर बंदूक धरली. एकशे तीन.

"अहो, यांना टोकन द्या की," खालून कुणीतरी म्हणालं आणि दोन्ही बाजूंचे लोक दिवसभरात पहिल्यांदाच एकत्र हसले.

मी स्वतःला लावून पाहिली, मग शाळेच्या भिंतीला, मग झेंड्याच्या खांबाला. भिंतीलाही ताप होता. सगळे घाबरलेले असताना हवालदारांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, हाताने चाचपली आणि आत नेऊन माठाशेजारी ठेवली. पंधरा मिनिटांनी बाहेर आणून केंद्राध्यक्षांना लावली. सत्त्याण्णव. यजमानांना सत्त्याण्णव.

"मॅडम," हवालदार अगदी नम्रपणे म्हणाले, "कुठलीच बंदूक उन्हात ठेवत नसतात."

मला तोंड लपवावंसं वाटलं. मास्क होता म्हणून तेवढं झाकलं गेलं. त्या चौदा जणांना काही झालेलं नव्हतं, झालं होतं ते मला. म्हातारीने सांगितलं तेही मी ऐकलं नव्हतं, कारण माझ्या हातात आकडा होता. मी खाली जाऊन छत्रीवालीला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "आता आणलं त्यांना तं घ्याल?"

"घेईन."

ती भावाच्या मोटारसायकलवर मागे बसली आणि निघाली. दुसरं कुणी जाऊन उपयोगाचं नव्हतं, टोळी तिच्याच शब्दावर काम टाकून पुन्हा गाडीत बसणार होती. तिने स्वतः अजून मत दिलेलं नाही हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्याही आलं नसावं.

पाच वाजले. सव्वापाच. वेळ संपली की रांगेत असतील तेवढ्यांना चिठ्ठ्या द्यायच्या आणि मागून कुणाला घ्यायचं नाही, हा नियम. पण रांगेत कुणीच नव्हतं. यजमान हातातलं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं धरून उभे होते. साडेपाचला केंद्राध्यक्ष म्हणाले, "चला, मशीन बंद करू." त्यांना घरी जायची घाई होती, आणि मला त्यांचा राग आला.

"थांबा," मी म्हटलं. "चौदा जण रांगेत आहेत."

"कुठं आहेत?"

"टोकन म्हणजे काय? आपण दिलेला, आपल्या सहीचा नंबर. साडेपाचला जी चिठ्ठी देतो तीही तीच. त्यांना आपण सांगितलं म्हणून ते गेले. त्यांची रांग लागलेली आहे, फक्त माणसं वाटेत आहेत."

असं काही पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं. मी ते त्याच क्षणी तयार केलं, नवरा म्हणतो तसंच. यजमान चिडले, म्हणाले, रांग म्हणजे उभी माणसं. मी म्हटलं, टोकन म्हणजे रांग. ते म्हणाले, टोकन म्हणजे कागद. मी म्हटलं, कागदावर सही कुणाची? केंद्राध्यक्ष बिचारे आपल्याच सहीकडे बघत बसले. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहून द्या." मी लिहून दिलं आणि खाली ठळक सही केली. तेवढ्यात घाटातून जीपचा आवाज आला.

चौदाही जण आले. ड्रायव्हर शिव्या देत होता, पण आणलं त्यानेच. मी प्रत्येकाचं टोकन तपासलं आणि एक-एकाला आत सोडलं. म्हातारीच्या कपाळाला थंड बंदूक लावली, अठ्ठ्याण्णव निघाला, मी तिला आकडा दाखवलासुद्धा. चौदावा आत गेला आणि मला इतकं हलकं वाटलं की यजमानांनाही मी सॅनिटायझर देऊ केलं.

मग छत्रीवाली पायरी चढून आली. "बाई, माझं राहिलंय."

यजमानांनी एकच प्रश्न विचारला. आवाजही चढवला नाही.

"हिचं टोकन?"

तिच्याकडे टोकन नव्हतं. तिला ताप कधी निघालाच नव्हता, कारण ती रांगेत आलीच नव्हती. वही माझ्या हातात होती. वहीत सह्या केलेली कोरी टोकनं होती. पंधरा नंबर घालायला मला जेमतेम एक क्षण लागला असता, आणि जे यजमान अर्धा तास माझं ऐकून घेत होते त्यांच्यासमोर तो घालावा लागला असता. टोकन म्हणजे रांग, हे मीच सगळ्या गावाला सांगितलं होतं. टोकन नाही म्हणजे रांग नाही.

"नाही घेता येणार," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि आपल्या लोकांना गाडीत बसवायला गेली. केंद्राध्यक्षांनी मशीन बंद केलं.

मोजणी पेठला झाली. मला तिथे ड्युटी नव्हती, पण शाळेत बसून सगळं कळत होतं. कढई एका मताने निवडून आली.

त्यानंतर तहसीलसमोर जे झालं ते तालुक्यात अजून सांगतात. छत्रीवाल्यांचे लोक रस्त्यावर बसले, कढईवाल्यांचे गुलाल घेऊन आले, आणि साथीमुळे जमाव करायला बंदी. लाठी चालवावी तर माणसाला हात लागतो, म्हणून पोलिसांनी आधी रस्त्यावर चुन्याचे गोल आखले. घोषणा द्या, पण ज्याने त्याने आपापल्या गोलात उभं राहून द्या. लोक तासभर गोलात उभे राहून एकमेकांना बघून घेण्याची भाषा करत होते. एकाची चप्पल दुसऱ्याच्या गोलात गेली, तेवढ्यावरून काचा फुटल्या आणि मग मात्र लाठी चालली. टोकनांच्या विरोधात यजमानांनी तक्रार लिहून तयारच ठेवली होती. निकाल लागल्यावर त्यांनी ती दिलीच नाही. बंदुकीच्या विरोधातली तक्रार छत्रीवाल्यांनी केली, आणि ती खरी होती.

चौकशीत माझा जबाब घेतला. मी सगळं लिहिलं, बंदूक उन्हात राहिली ते, आणि का राहिली तेही. जबाब टाइप करणारे भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, छत्रीचं गाळा, कागदावर हसू होईल." मी म्हटलं, होऊ द्या. साहेब तो वाचून म्हणाले की निकाल लागलेला आहे, पुढचं काय ते कोर्टात. कोर्टात जायला त्या लोकांना बागेतून सुट्टी मिळणार नव्हती, हे साहेबांनाही माहीत होतं आणि मलाही.

बाहेर व्हरांड्यात छत्रीवाली बसली होती, तिचाही जबाब होता. मी तिच्या शेजारी, मध्ये एक खुर्ची सोडून बसले. माफी मागायची हे ठरवून आले होते आणि मागितली, बंदुकीबद्दल. ती म्हणाली, "ऊन हाय बाई, कुणाच्या हातातलं हाय."

मग ती माझ्याकडे वळली.

"एक इचारू? तुमच्या त्या वहीत अजून टोकनं व्हती का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "होती," मी म्हटलं. "सही केलेली."

तिने मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं संपली असतील," ती म्हणाली. "म्हणून मी मागितलं नाय."